खंडेनवमीचा रंधा

गेल्या श्रावणात मी आईच्या खोलीच्या दाराचं वाटोळं केलं आणि त्याचं खापर बब्रुवान सुताराच्या डोक्यावर फोडलं.

हे एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. मी मुळात कमी बोलणारा माणूस. बोलायचं ते पोटात ठेवायचं आणि मग पोट दुखतं म्हणून ओवा खायचा, असा माझा स्वभाव. तालुक्याच्या कचेरीत मी कारकून आहे. तिथले लोक माझ्या माघारी मला "म्यूट" म्हणतात. (मला हे माहीत नाही, असा त्यांचा समज आहे. तो दूर करायचा तर बोलावं लागेल!) माझी बायको सुनंदा तर म्हणते, "तुमच्या पोटात एवढं साठलंय, की सोनोग्राफीवाला घाबरून पळून जाईल." तिच्या आणि सोनोग्राफीवाल्याच्या भल्यासाठी आता सांगून टाकतो.

आम्ही सास्तूरचे. आमचं घर भूकंपानंतरचं. म्हणजे गावातली बहुतेक घरं भूकंपानंतरचीच. आईच्या खोलीचं दार मात्र जुन्या घरातलं. भूकंपाच्या पहाटे हेच दार चौकटीत असं अडकलं, की उघडता उघडेना. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खांदा मारून मारून ते बिजागरीसकट उखडलं. आम्ही बाहेर पडलो आणि मागं घर बसलं. पुढं अण्णांनी ते दार मातीतून उकरून काढलं, नव्या गावात आणलं, तासलं, आणि आईच्या खोलीला लावलं. ज्या दारानं आपल्याला कोंडलं तेच परत कोण लावतं? पण अण्णांचं म्हणणं साधं होतं.

"सागवान हाय. त्याची काय चूक?"

अण्णा शेतकरी, पण हौस सुतारकामाची. त्यांचा एक लाकडी रंधा होता. रंधा म्हणजे हातात मावणारा लाकडाचा ठोकळा. त्याला मधे एक खाच, म्हणजे त्याचं तोंड. त्या तोंडात तिरकं बसवलेलं लोखंडी पातं, आणि पातं हलू नये म्हणून वरून ठोकलेली पाचर. ह्याच्यात न कळण्यासारखं काही नाही, असं मला पन्नाशीपर्यंत वाटत होतं. अण्णांनी त्या रंध्यानं घरात पुष्कळ वस्तू केल्या. त्यांनी केलेला पोळपाट इतका पातळ आहे, की सुनंदा म्हणते, चपातीच्या ऐवजी एखाद्या दिवशी हाच तव्यावर जाईल. आणि त्यांनी केलेल्या पाटावर बसलं, की आपण पाटावर बसलोय का फरशीवर, ते हातानं चाचपून बघावं लागतं.

अण्णा गेल्यावर रंधा माळ्यावर गेला. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तो हत्यारांच्या पूजेसाठी खाली यायचा. विळा, कुऱ्हाड, कोयता, रंधा आणि शेवटी माझं स्टेपलर अशी रांग लागायची. (स्टेपलर ही सुनंदाची भर. "तुमचं हत्यार तेच की!") आई रंधा स्वतः खोलायची, पुसायची, पात्याला खोबरेल लावायची, पुन्हा जुळवायची आणि वर दिसणाऱ्या चकचकीत धारेवर हळदकुंकू वाहायची. त्याला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

तर गेल्या वर्षी पाऊस असा लागला, की भिंतींना ओल आली आणि आईच्या खोलीचं दार फुगलं. उघडताना कण्हायचं, मिटताना कण्हायचं, मधेच हटून बसायचं. आईनं आपली बाज ओसरीवर आणली.

"आई, आत का झोपत नाहीस?"

"आत लई उकडतंय रं, अंकुश."

बाहेर पावसाची झड, आईच्या अंगावर दोन गोधड्या, खोकून खोकून छातीचा भाता झालेला, आणि म्हणे उकडतंय!

सुनंदानं मला स्वयंपाकघरात गाठलं. "उकडत न्हाय त्यांना. दार अडकतंय. रातीला उघडलंच न्हाय तर, ह्याचं भ्या हाय त्यांच्या पोटात. इतकंबी कळंना व्हय तुम्हाला?"

"बघतो," मी म्हणालो.

सगळा आषाढ मी "बघतो" म्हणत काढला. आईनं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं; मला निदान चिडता आलं असतं. ती नुसती ओसरीवर खोकायची, आणि मी आत ओवा खायचो.

शेवटी बब्रुवानला फोन लावला. गावात दारं-खिडक्या करणारा तोच.

"भाऊसाहेब, म्या तुळजापुरात हाय," तो मागच्या खटखटीतून ओरडला. "एका लॉजची समदी दारं नवरात्राच्या आत द्यायचीत. घट बसल्याबिगर गावाकडं येनं व्हत न्हाय!"

"मग मी काय करू?"

"जराशीक घासायचं असंल. अण्णांचा रंधा हाय न्हवं? मारा की."

"मला येत नाही रे."

"त्यात काय यायचंय? रंधा मारायचा अन् गप बसायचं."

गप बसणं मला येतच होतं. म्हणजे अर्धं काम झालं, असं मी धरलं.

रविवारी सकाळी दार बिजागरीतून काढलं, ओसरीवर आडव्या अंगानं उभं केलं आणि आईच्या बाजेला सुतळीनं बांधलं. (बाज अडकली, त्यामुळं आई दिवसभर खुर्चीत बसली. एक दार सुधारायला मी आईची झोपायची होती तीही जागा घेतली!) मग मोबाईलवर रंधा जुळवण्याचा व्हिडिओ लावला. त्यातला रंधा लोखंडाचा होता. गोरागोमटा गृहस्थ म्हणत होता, आता मागचा पेच फिरवा. मी मागं बघितलं. पेच नव्हता. खाली बघितलं, पालथा करून बघितला, माळ्यावर चढून शोधून आलो.

"काय हुडकताय?" सुनंदानं विचारलं.

"पेच. पात्याचा."

"पडला असंल कुठंतरी," असं म्हणून तिनं झाडू घेतला आणि सगळं घर झाडून काढलं. पेच मिळाला नाही. मिळणार कसा? लाकडी रंध्याला तो नसतोच! पातं पुढं घ्यायचं तर पात्याच्या डोक्यावर हळू ठोकायचं, मागं घ्यायचं तर ठोकळ्यालाच मारायचं, हे मला बऱ्याच उशिरानं, आणि मुख्यतः चुकीच्या क्रमानं, समजलं.

एवढ्यात कुंपणापलीकडून गुंडाप्पा मामा आले. हे आमचे शेजारी, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर गाड्या मागं घ्यायला लावल्यामुळं कुणी काहीही सरकवायला लागलं, की त्यांना राहवत नाही.

"पातं पुढं घ्यायचंय न्हवं? म्या बघतो खालनं. तू ठोक." त्यांनी एक डोळा मिटून रंध्याच्या तळाला नजर लावली. "येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या… आनिक येऊ द्या…"

मी ठोकत गेलो.

"बास!"

त्यांचं "बास" नेहमीच गाडी भिंतीला लागल्यावर यायचं, असं त्यांचे ड्रायव्हर सांगायचे म्हणे. पातं बोटभर बाहेर आलं होतं.

मी रंधा दारावर ठेवला, अण्णांचं नाव घेतलं आणि ढकलला. टर्रर्र असा आवाज झाला, दाराचा एक लचका निघाला, पातं लाकडात रुतलं, आणि रंधा जागच्या जागी थांबला. मी थांबलो नाही. मी दारावरून पलीकडं गेलो आणि बाजेवर तोंडावर पडलो.

"गाडी रिवर्स घ्या!" गुंडाप्पा मामा ओरडले.

गाडी रिवर्स घेतली. पातं इतकं आत नेलं, की ते लाकडाला शिवेना. परत येऊ द्या, येऊ द्या. आता नुसतं खरवडायला लागलं, मांजरानं नखं मारावीत तसं. मी दार फिरवून दुसऱ्या बाजूनं तासून पाहिलं, रंधा फिरवून पाहिला, मी स्वतः दाराच्या दोन्ही बाजूंनी फिरून पाहिलं. रंध्याच्या तोंडात वर्षानुवर्षांच्या नवम्यांचं तेलात भिजलेलं हळदकुंकू बसलेलं, त्यात भुगा मिसळून शिरा झाला होता. आई खुर्चीतून सगळं बघत होती. एकदा तिनं तोंड उघडलं, पण परत मिटलं. (आमच्यात हे आनुवंशिक आहे.)

मग मला राग आला. दुसऱ्या कुणावर काढता येत नव्हता, म्हणून मी हातोडी रंध्यावर हाणली. पाचर टुणकन उडून कुंपणापलीकडं गेली, पातं फरशीवर खणखणलं.

गुंडाप्पा मामा पाचर आणायला धावले. सुनंदानं पातं उचललं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगं बया! कुंकवावर पाचर ठोकत व्हता व्हय तुम्ही? देवाचं कुंकू हाय ते! काय जनाची न्हाय, मनाची न्हाय…"

"मग कुठं ठोकू?"

"फिरवा ते. कुंकवाची बाजू खाली जाऊ द्या." आणि तिनं स्वतःच पातं फिरवून तोंडात घातलं.

"सुनंदा, ऱ्हाऊ दे की गं…" आई खुर्चीतून म्हणाली. पण सुनंदा कुंकवाच्या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. पाचर आली, बसली. ह्या वेळी गुंडाप्पा मामांना मी चहा प्यायला घरी पाठवलं आणि अंदाजानं हलकंच ठोकलं. रंधा दारावर ठेवला. ढकलला.

सर्रर्र.

मी थबकलो. रंध्याच्या तोंडातून एक लांब, पातळ, गुलाबीसर वेटोळं अलगद वर आलं होतं. पातं इतकी वर्षं उलटं बसलेलं होतं! आता सुलटं झालं होतं, आणि तेलाखाली अण्णांनी लावलेली धार तशीच्या तशी होती. मी पुन्हा ढकललं. सर्रर्र. कचेरीतल्या सगळ्या नोकरीत माझ्या हातून इतकी सुंदर वस्तू कधी बाहेर पडली नव्हती.

वेटोळं घरंगळत आईच्या पायाशी गेलं. तिनं वाकून उचललं आणि नाकाशी धरलं. "तुझ्या बापाच्या हातचं आसंच निघायचं," ती म्हणाली, आणि हसली. सगळा पावसाळा खोकत काढलेली माझी आई हसली! "बंबाला पेटवन झकास व्हतंय ह्याचं. आनिक दे."

तिनं पदर पसरला.

इथं माझी खरी चूक आहे, आणि ती सांगायलाच मला सगळ्यांत जड जातंय. दाराचं काम कधीच संपलं होतं. ते मला कळत होतं. पण आई पदर पसरून बसली होती, आणि मला तो भरायचा होता. मी एक कड तासली, मग दुसरी, मग वरची, मग खालची. ती "आनिक" म्हणाली नाही तरी मला ऐकू यायला लागलं. संध्याकाळी सुनंदा बाहेर आली, तिनं भरलेला पदर बघितला, भरलेली घमेली बघितली, मग दार बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "खिडकी केली का काय?"

दार बसवलं. बसवलं म्हणजे बिजागरीवर टांगलं. बाकी तिन्ही बाजूंनी त्याचा चौकटीशी काही संबंध राहिला नव्हता. कडी कोयंड्यापर्यंत पोचत नव्हती. दोघं लांबून एकमेकांकडं बघत होती. फटीतून मांजर न थबकता आत गेलं आणि मिशासुद्धा न लागता बाहेर आलं.

सोमवारी आईच्या भजनी मंडळाच्या बायका जमल्या. त्यांच्यातल्या पारूमावशीनं फटीत हात घातला, कोपरापर्यंत नेला, परत आणला आणि विचारलं, "हे दार कुनी केलं म्हनावं?"

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. ज्या माणसाच्या तोंडून महत्त्वाच्या वेळी कधी शब्द फुटला नाही, त्या माणसाच्या तोंडून तो त्या दिवशी ताबडतोब फुटला.

"बब्रुवाननं."

सुनंदा आत निघून गेली. आई टाळ पुसायला लागली. चहाला आलेले गुंडाप्पा मामा एकदम छताकडं बघायला लागले. (सुरुवातीचं "येऊ द्या" त्यांचंच होतं, म्हणून तेही गप्प!)

त्या रात्री आईनं आपली बाज उचलून आत नेली.

"आई, दार नीट लागत नाही अजून…"

"नगंच लागू दे. आता कसं, फटीतनं बाहिरचा उजेड दिसतोय. अडकायचं कामच न्हाय." आणि ती पाठ फिरवून जी झोपली, ती घोरायलाच लागली. त्या आठवड्यात खोकलाही गेला.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला पण. पण जेवताना घास घेतला, की तुळजापुरात घाम गाळणारा बब्रुवान दिसायचा. त्याची काही चूक नसताना सबंध गावात त्याच्या नावावर ते दार! फोन करावा म्हणून मी मोबाईल काढायचो, त्याचं नाव बघायचो आणि परत ठेवायचो. ओव्याची बरणी संपली. सुनंदानं दुसरी आणली, आणि माझ्यासमोर आदळली.

खंडेनवमीच्या सकाळी आम्ही हत्यारं मांडत होतो, आणि दारात बब्रुवान उभा!

"भाऊसाहेब, श्रावणात म्या गावात न्हवतो न्हवं?"

"नव्हतास."

"मग तुमच्या आईचं दार म्या कवा केलं?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. आषाढापासूनचं "बघतो", पेच, लचका, कुंकू, पदर, पारूमावशी. माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब भाषण होतं. मधे मी पाणी प्यायलो. शेवटी म्हणालो, "चुकलो, बब्रुवान. आत्ता निघतो. घरोघरी जाऊन खरं काय ते सांगतो."

बब्रुवाननं माझ्या दंडाला धरलं.

"खरं सांगता? आता? गप बसा!"

"म्हणजे?"

"आवो, घट बसल्यापासनं गावात हाय म्या, अन् समद्या म्हाताऱ्या माझ्या मागं लागल्यात! 'अंकुशच्या आईवानी दार कर, कवा अडकू नये आसं.' म्हातारे बी. गावात कुनाला मिटलेल्या दारामागं झोप लागतीया? कुनी बोलत न्हवतं इतकंच. म्या आधी समजलो चेष्टा करत्यात. पारूमावशीला चांगलं चापून दार बसवून दिलं, तर म्हणते कशी, 'बब्रुवान, तुझा पयल्यासारखा हात ऱ्हायला न्हाय!'" तो आईच्या दारापाशी गेला आणि फटीत बोटं घालून बघायला लागला. "आता एवढंच सांगा, ही फट कितीची धरली?"

"तिला माप नाही रे. आईचा पदर भरेपर्यंत तासायचं."

त्यानं माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. हत्यारांना नमस्कार केला आणि गेला. मी पन्नाशीत पहिल्यांदा तोंड उघडलं, तर मला गप बसायला सांगून गेला! (तसल्या दारांची त्याची सगळी कामं आता उरकली, म्हणून लिहितोय.)

मागं वळलो, तर आई रंधा जुळवत होती. तेल लावलेलं पातं तिनं तोंडात घातलं, वर धार, वर कुंकू.

"आई, पातं उलटं घालतेस."

"ठावं हाय मला."

"ठाऊक आहे?"

"तुझ्या बापाच्या वक्तापासनं उलटंच घालून ठेवते म्या. सुलटं असलं, की त्यांचा हात थांबत न्हवता. पोळपाट बघितलास का? पाट बघितलास? हे दार बसलं त्या दिवशी म्या गपचूप पातं फिरवलं, न्हाय तर चौकट बी तासली असती त्यांनी. पूजेचं म्हनलं, की कुनी हात लावत न्हाय."

"मग त्या दिवशी मी खरवडत बसलो होतो, तेव्हा बोलली का नाहीस?"

"कशाला बोलू? दार तरी वाचत व्हतं." तिनं पाचर बसवली, हळूच ठोकली. "मंग सुनंदानं फिरवलं. म्हनलं, आता अडवावं. पर तू तासाया लागलास, अन् पाठीकडनं हुबेहूब तुझा बाप दिसला. म्हनलं, जाऊ दे एक दार."

मी अण्णांच्या पाटावर बसलो. का फरशीवर, ते काही चाचपलं नाही.

पूजा झाली. आईनं रंधा सुनंदाकडं दिला. "वर ठिव. अन् शिडी गुंडाप्पाकडं ठेवून ये."

माझ्या हाताशी आता स्टेपलर तेवढं राहिलं. दसऱ्यानंतर कचेरीत गेलो, दोन कागद एकत्र धरले आणि दाबलं. कागद सुटेच राहिले. उघडून बघितलं, तर आईनं कुंकू लावायच्या आधी त्यातल्या सगळ्या पिना काढून घेतल्या होत्या.